चार बोटं माती

आमच्या डॉक्टरांना ह्या उद्योगातून काय मिळणार होतं, ते आधीच सांगून टाकते. एक शब्द. 'छान'! बस्स, एवढाच. तो माझ्या सासऱ्यांच्या तोंडून निघायला हवा होता, आणि डॉक्टर त्याची कळायला लागल्यापासून वाट बघत होते.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान, दातांचे. मी त्यांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. कोण खरंच घाबरलंय आणि कोण नंबर लवकर लागावा म्हणून कण्हतंय, हे मला दारातूनच कळतं. अप्पा म्हणजे सासरे. आयुष्यभर दुकानांतले काटे आणि वजनं तपासायची नोकरी केली, त्यामुळे कौतुकसुद्धा तोलून देणार, आणि तेही काटा उलट्या बाजूला झुकवून! मुलगा वर्गात पहिला आला, "बरं." डॉक्टर झाला, "बरं. आता हात धूत जा." मला बघायला आले तेव्हा "चालेल" म्हणाले होते. घरात ते अजूनही विक्रमात मोजतात.

सासूबाई गेल्या आणि अप्पा माणसांशी बोलायचे जवळजवळ थांबले. गॅलरीत एक झाड घेऊन बसले. फायकसचं बोन्साय, उघड्या मुळांचं. त्याची रीत अशी, की झाड पत्र्याच्या उंच डब्यात लावायचं, मुळं खोल जाऊ द्यायची, आणि मग दरवर्षी डब्याची कड बोटभर कापून तेवढीच माती उतरवायची. उघडं पडलेलं मूळ वाऱ्याउन्हात हळूहळू खोडासारखं टणक होतं. शेवटी सगळी माती उतरली, की झाड आपल्याच मुळांवर पाय रोवून उभं! अप्पा वर्षाला एक बोट माती काढत. त्या दिवशी गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, हातात पत्रा कापायची कात्री. उरलेलं वर्ष खुर्ची टाकून त्या बोटभर मुळाकडे बघत बसायचं.

यंदा ते बोट उतरवायच्या आधीच अप्पांच्या छातीत कफ भरला आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथे त्यांनी तोंडच मिटलं. घास नको, औषध नको. भिंतीकडे तोंड करून पडलेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "छाती सुधारतेय, पण ह्यांना घरी जायचंच नाहीये."

मी खाटेजवळ गेले आणि सहज म्हटलं, "अप्पा, झाडाचं यंदाचं बोट राहिलंय ना?"

भिंतीकडची मान वळली.

"राहिलंय," म्हणाले. "एकूण चार राहिलीत." आणि सुपाची वाटी संपवली!

त्या दिवसापासून प्रत्येक घास झाडाच्या नावाने जाऊ लागला. डॉक्टरांनी हे पाहिलं आणि दाताचा एक्स-रे उलटा धरावा तसा अर्थ काढला.

"अगं, एका बोटाच्या आशेवर अप्पा एवढं जेवतायत, तर झाड पूर्ण तयार दाखवलं तर उड्या मारतील!"

"अहो, पण ते त्यांचं काम आहे."

"चार वर्षं वाट बघायची? ह्या वयात? मुळांशी माझा रोजचा व्यवहार आहे. एका दुपारीत उरकतो!"

दुपारी दवाखाना बंद असतो. डॉक्टरांनी डबा उचलून आणला आणि झाड पेशंटच्या खुर्चीत बसवलं. वरचा दिवा लावला. गळ्याभोवती तो निळा कागदी रुमालसुद्धा बांधला, सवयीने! मदतीला आमच्या दवाखान्यातल्या मावशी. मी बाहेर माझ्या टेबलावर, कारण मला बघवत नव्हतं.

तेवढ्यात बँकेतले रोखपाल गाल धरून आले. नंबर संध्याकाळचा होता, पण दाढ ऐकत नव्हती. मी त्यांना बाकावर बसवलं. आतलं दार नुसतं लोटलेलं.

"मावशी, मान घट्ट धरा! हलतंय!" डॉक्टर.

"केवढी घाण निघतेय हो आतून!"

"वर्षानुवर्षांची आहे. पाण्याचा जोर वाढवा. हं... हे एक कुजलंय, कापून टाकतो."

कट्!

"अगंबाई, पांढरं पांढरं गळतंय की!"

"गळू दे. आता ह्याला तार घालून खाली ओढतो. तुटलं तर तुटलं!"

रोखपाल उभे राहिले. सुजलेला गाल सोडला तर सगळा चेहरा पांढरा.

"बाई, आत कोण आहे?"

मी खरं तेच सांगितलं. "घरचंच आहे."

"घरच्यांशी असं वागतात?" एवढं म्हणून ते जे गेले, ते थेट पलीकडच्या चौकातल्या दुसऱ्या दंतवैद्याकडे! जाताना आमच्या औषधवाल्याला आणि दोन शेजाऱ्यांना माहिती देत गेले. संध्याकाळी बाक रिकामा. एक आजोबा आले, तेही "आत आता कोणी नाही ना?" विचारत.

आत वेगळंच चाललं होतं. तोंडातलं पाणी ओढायच्या नळीत चिखल अडकला, बेसिनने घशात गुळण्या केल्यासारखा आवाज काढून सगळा चिखल परत केला, आणि डॉक्टरांचा पांढरा कोट चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला. झाडाचं म्हणाल, तर अप्पांनी उतरवलेल्या भागातली मुळं खांबासारखी घट्ट होती, पण खालची चार बोटं, जी आजवर मातीत झोपली होती, ती ओल्या दोरीसारखी लुळी. नव्या उथळ कुंडीत ठेवलं की झाड खाली बसायचं!

"आता?" मी दारातून विचारलं.

"आता कवळी!" डॉक्टर म्हणाले.

कवळीच्या हिरड्या करतात ते गुलाबी मिश्रण त्यांनी कालवलं आणि मुळांचे पाय त्यात बसवले. झाड उभं राहिलं. गुलाबी हिरड्यांवर, मुळांचे दात विचकून. मला त्या झाडाने कधी घाबरवलं नव्हतं, त्या दिवशी घाबरवलं. मग डॉक्टरांनी वरून शेवाळ पसरलं, दात सरळ करायच्या तारेने फांद्या नीट वळवल्या, चार पानं इकडची, चार तिकडची छाटली, आणि मागे सरकून बघितलं.

मी मरणाची वाट बघत होते. झाडाच्या. ते चिवट निघालं! अप्पा घरी यायच्या आत त्याला नवी पालवी फुटली.

अप्पा घरी आले तेव्हा आधाराने चालत होते, पण गाल नुकतेच दाढी केलेले होते. हॉस्पिटलात हट्टाने करून घेतली म्हणे. डॉक्टरांनी बैठकीतल्या टेबलावरचा टॉवेल झटक्यात बाजूला केला.

"अप्पा! बघा!"

अप्पांनी बघितलं. जवळ गेले. वरच्या मुळावर बोट ठेवलं आणि हळूहळू खाली आणलं. जिथे त्यांची वर्षं संपत होती तिथे बोट थबकलं, मग पुढच्या चार बोटांवरून सरकत शेवाळापर्यंत पोचलं.

"छान," म्हणाले.

डॉक्टरांनी माझा हात एवढ्या जोरात दाबला की अंगठी रुतली. "ऐकलंस? ऐकलंस ना?"

"डबा कुठाय?" अप्पांनी विचारलं.

"टाकून दिला. आता काय उपयोग त्याचा?"

"छान." दुसऱ्यांदा! आणि अप्पा आत जाऊन आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी गॅलरीतली खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशीही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "ठेव, सूनबाई. भूक नाही."

"झाड बघायला चला ना."

"त्याचं झालं सगळं."

"रागावलात का हो?"

"छे! चांगलं केलंय त्याने. तेवढी माती मी चार वर्षं पुरवणार होतो." मग ताट बाजूला सारत, "तसा मी एरवी कशाला थांबलोय?"

मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते धावत जाऊन एक बोटाएवढं रोप आणि नवा उंच डबा घेऊन आले आणि खाटेपाशी जमिनीवरच बसले.

"अप्पा, हे तुम्ही करा. मी हात लावणार नाही!"

अप्पांनी डब्याची उंची नजरेने मापली. पन्नास वर्षांची सवय.

"माती उतरवायला घ्यायच्या आधी ह्याला किती वर्षं लागतील?"

"दहा... दहा तरी," डॉक्टर म्हणाले.

अप्पा हसले. मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वेडा आहेस."

तर अखेरची बेरीज अशी. डॉक्टरांना एकाऐवजी दोनदा 'छान' मिळालं. आता ते कोणी तो शब्द उच्चारला की उठून दुसऱ्या खोलीत जातात. रोखपालांची दाढ दुसरीकडे गेली. झाड मजेत आहे. अप्पा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत; त्यांची चार वर्षं गेली, आणि त्यांनी ती कुरकुर न करता दिली.

आलेगेले बैठकीत थबकतात, विचारतात, कोणी केलं हो एवढं सुंदर? मी काय सांगणार! सुंदर आहेच ते मेलं.