खैरलांजीच्या सारसांचं शुभलग्न

बसस्टँडच्या भिंतीवरची पोस्टरं वाचावीत आणि विसरून जावीत, हा शहाण्या माणसाचा रिवाज. गुणाकररावांनी सायकल थांबवली, चष्मा पुसला आणि 'वन्यजीव व पर्यावरण फिल्म महोत्सव, बालाघाट. स्थानिक हौशी कलाकारांनाही पुरस्कार' हे पोस्टर दोनदा वाचलं. सायकल घराच्या गल्लीत वळेपर्यंत कचेरीतला बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, संपला होता आणि त्याच सीटवर फिल्म डायरेक्टर बसला होता.

कॅमेरा घरात होताच. चारुलताबाईंच्या भावानं, देवेंद्रनं, बदली झाली तेव्हा आपला हँडीकॅम बहिणीकडे ठेवायला दिला होता. तो कपाटात साड्यांखाली झोपलेला असे. (आजवर त्यानं एक बारसं आणि काही वाढदिवस टिपले होते. त्यात वन्यजीव म्हणावा असा फक्त देवेंद्रचा धाकटा.)

पण पुरस्कार हे निमित्त. खरं दुखणं सासऱ्यांचं होतं. भोजराजजी जंगल खात्यातून रेंजर होऊन निवृत्त झालेले, आता लामत्याला राहणारे. जावई कसा आहे असं कुणी विचारलं की ते म्हणत, "माणूस चांगला आहे," आणि पानाला चुना लावायला घेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या वाक्याला दुसरं वाक्य काही जोडलं गेलं नाही. जंगलातल्या माणसासमोर जंगलाचीच फिल्म दाखवावी आणि एकदा तरी म्हाताऱ्याच्या तोंडून 'मानलं' ऐकावं, एवढीच गुणाकररावांची इच्छा होती.

खैरलांजीच्या प्रेमलाल नावाच्या शेतकऱ्याशी त्यांची ओळख होती. त्याच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, सारसाच्या जोड्यानं घरटं केलं होतं. माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा हा पक्षी एकदा जोडीदार धरला की जन्मभर सोडत नाही. पण गावातली काही माणसं त्याची अंडी उचलून नेत, म्हणून जोडे कमी होत चालले होते. विषय मिळाला. पावसाळ्यातल्या एका रविवारी नवरा-बायको मोटरसायकलनं निघाले. चारुलताबाई आल्या त्या डबा आणि छत्री सांभाळायला.

पहिल्याच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, डायरेक्टरसाहेबांचा पाय घसरला. कॅमेरा डोक्यावर धरून ते कंबरेपर्यंत चिखलात बसले. चारुलताबाईंनी, बापाच्या हातून तान्हं मूल काढून घ्यावं तसा, कॅमेरा काढून घेतला.

"आता तुम्ही छत्री धरा," त्या म्हणाल्या.

"अगं, पण डायरेक्शन?"

"ते छत्री धरूनही होते!"

झालं. पुढचे सगळे रविवार त्या शूटिंग करत राहिल्या आणि गुणाकरराव डायरेक्शन. म्हणजे सारस जिकडे होते तिकडे ते बोट दाखवत आणि सारस तिथून उडून जात. एकदा तर ते छत्रीसकट पुन्हा घसरले आणि तेही कॅमेऱ्यात आलं. शेवटी चारुलताबाईंनी त्यांना बोट खिशात ठेवायला सांगितलं. तेव्हा कुठे जोडा नाचला, अंडी उबवली गेली आणि पिल्लू बाहेर आलं.

आता राहिलं एडिटिंग. ते गावात एकटा तेजरामच करी. लग्नाच्या कॅसेटीतल्या त्याच्या 'मिक्सिंग'शिवाय बालाघाटात कुणाचं लग्न पुरं झाल्यासारखं वाटत नसे. हिवाळा लागला होता, लग्नसराई जोरात होती. तेजरामनं कॅसेटी ठेवून घेतल्या आणि म्हणाला, "फिकर नका करू बडेबाबू. डायरेक्ट हॉलवर आणून देतो. असा माल बनवतो का लोक पाहतच राहतीन!"

महोत्सवाच्या दिवशी हॉल भरला. भोजराजजी पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून. खैरलांजीहून प्रेमलाल गाववाल्यांना घेऊन आलेला. आधीच्या गंभीर फिल्म्स लोकांनी गंभीरपणे पाहिल्या, म्हणजे निम्म्यांनी डोळे मिटून. मग तेजराम धावत आला, कॅसेट लागली आणि सनई वाजू लागली.

पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. त्यातून सोनेरी अक्षरं आली : 'शुभविवाह'. त्यामागून एक धडधडणारा बदाम आला. त्यात डावीकडे सारस, उजवीकडे सारसीण. खाली नावं : 'चि. सारस, चि. सौ. कां. सारसीण'.

"हे काय करून ठेवलं बे?" गुणाकररावांनी तेजरामचा दंड धरला.

"जोडा होता ना भाऊ! जोड्याले जे लागते ते टाकलं."

सारस नाचू लागले तेव्हा बँड वाजला. पिल्लू निघालं तेव्हा फुगे उडाले आणि 'हॅपी बर्थ डे' झळकलं. मग पडद्यावर छत्री घेतलेले गुणाकरराव आले. त्यांच्यावरही पाकळ्या पडल्या आणि खाली अक्षरं उमटली : 'मुलीचे मामा'. मामा घसरले. तेजरामच्या पद्धतीप्रमाणे महत्त्वाचा प्रसंग असल्यानं ते तीनदा घसरले, तिसऱ्यांदा स्लो मोशनमध्ये. कॅमेऱ्यामागून चारुलताबाईंचं हसू ऐकू येत होतं. हॉल खुर्च्या बडवत होता. भोजराजजींची हनुवटी मात्र काठीवरून हलली नाही. सगळं संपलं, असं गुणाकररावांना वाटलं.

तेवढ्यात मागून प्रेमलाल उठला.

"ही जोडी आमच्या बांधीतली हाय!" तो गाववाल्यांकडे वळून ओरडला. "आमच्या गावात लगन लागलं, आता ही पोरगी आमची झाली. लेकीच्या घरचं पाणी पीत नाही आपण, मंग तिचे अंडे कोन उचलते तेच पाहतो मी!"

"हौ, बराबर हाय!" गाववाले एका सुरात म्हणाले. ज्यांनी अंडी उचलली होती, त्यांचा सूर जरा जास्तच मोठा होता.

परीक्षक बाई भोपाळच्या. त्या माइकसमोर आल्या तेव्हा अजून डोळे पुसत होत्या. "इतनी फिल्में आईं, पर गाँव ने वचन किसी को नहीं दिया," असं म्हणून त्यांनी विशेष पुरस्कारासाठी गुणाकररावांचं नाव पुकारलं.

गुणाकरराव स्टेजवर गेले खरे, पण स्मृतिचिन्ह हातात घेताना त्यांना चिखल, उन्हातला डबा आणि कॅमेरा धरून अवघडलेला तो हात आठवला. "कॅमेरा माझ्या बायकोनं धरला होता," ते म्हणाले. "मी फक्त छत्री धरली. पुरस्कार तिचा आहे. तिचे आणि तेजरामचे उपकार मी विसरणार नाही." चारुलताबाई पदर सावरत वर आल्या तेव्हा टाळ्या थांबेनात. आपल्याला बक्षीस मिळालं नाही याचा इतका आनंद गुणाकररावांना कधी झाला नव्हता.

खाली भोजराजजी उभे होते. त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जवाईबापू, आज मानलं तुमाले."

गुणाकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाया पडायला वाकले.

"जंगलाचं भलं करायचं असन तं मानसानं आपली अक्कल बाजूले ठेवावी आन् कायीच करू नये, हे मी नोकरीभर मोठमोठ्या सायबायले सांगून थकलो," भोजराजजी गहिवरून म्हणाले. "एकालेही जमलं नाही. आन् तुमाले पाहा, कसं उपजतच येते!"