गुलाबकाकांनी पाहिलेली गल्ली

मुलीसाठी स्थळ पाहायला गेलेला बाप आधी मुलगा पाहतो. आमचे गुलाबकाका आधी नाली पाहत.

नांदुऱ्यात ते माझे शेजारी. महाराष्ट्र नवा नवा होता, काका मात्र तेव्हाच पिकलेले. जन्मभर त्यांनी व्यापाऱ्यांसाठी कापसाची प्रत ठरवली. चिमूटभर कापूस बोटांत ओढायचा आणि 'फस्ट' नाहीतर 'दुय्यम' म्हणून मोकळं व्हायचं. काम सुटलं, सवय सुटेना. मग गल्ल्या सापडल्या. सकाळी हात मागे बांधून निघायचे. विहिरीला कट्टा आहे का, उकिरडा किती लांब, चुलीपर्यंत ऊन पोचतं का, म्हाताऱ्यांना पाय मोकळे करायला जागा आहे का, सगळं पाहायचे आणि निकाल भर रस्त्यात मोठ्यानं सांगायचे. आमची गल्लीही दुय्यमच. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाले, "तुमचा उकिरडा हालवा, फस्ट करून टाकतो."

इथवर गंमत होती. पण या तपासणीपायी त्यांच्या कुसुमची स्थळं एकामागून एक मोडत चालली. "पोरगं झकास हाये, पन गल्ली नापास," की संपलं. धामणगाव बढ्याचा वसंता मात्र कुसुमच्या मनात भरला होता. तसं तिनं माझ्या बायकोला सांगितलं, आणि बायकोनं मला काकांबरोबर धाडलं, त्यांना सतरंजीवर बसवून ठेवायला.

पोहे आले आणि काका गायब. घरामागं सापडले, नालीवर ओणवे.

"पानी इहिरीपाशी तुंबून राह्यलं. काऊन?"

"पाहुणे, आमी पोरगी मागून राह्यलो," वसंताचे वडील म्हणाले, "नालीचं काय घेऊन बसले?"

काका चपला घालून निघालेच. बस थांब्यावर मी चिडलो. "काका, कुसुम काय नालीत राहणार आहे?"

त्यांनी चपलेचा चिखल दगडावर पुसला. मग म्हणाले, "थोरलीले देतानी म्या घर पाह्यलं, वावर पाह्यलं, पोरगं पाह्यलं. गल्ली नाई पाह्यली. पानी खराब होतं तिथलं. तापानं गेली पोरगी. हेबी पाहा लागते, हे मले कोनी सांगतलंच नाई."

त्यांना थोरली मुलगी होती हे मला ठाऊकच नव्हतं. मी नांदुऱ्यात राहायला आलो त्याआधीची ती गोष्ट. 

तेवढ्यात वसंता धापा टाकत आला. हातात फावडं. "काकाजी, नाली कोनीकडं वळवाची, तेवढं दाखवून जा."

काकांनी त्याच्याकडं प्रथमच नीट पाहिलं. बस आली आणि आम्हाला सोडून गेली.

दिवस कलेपर्यंत वसंता खणत होता आणि काका धोतर खोचून शेजारी उभे होते. पाणी विहिरीपासून लांब, परसातल्या केळीकडं वाहू लागलं. काकांनी निकाल काही सांगितला नाही. निघताना त्यांनी वसंताचा मातीनं भरलेला हात धरला आणि सोडेचनात.

"पावसाळ्यात तिले पानी उकळून देजो बाप्पा," ते म्हणाले.