सुऱ्याने काढलेली वाट

सोमेश्वरअप्पांच्या दुकानातले कोयते दसऱ्याच्या आतच संपतात, आणि दिवाळी सरली की ते कोयते आणि ते चालवणारे हात, दोन्ही शिरूर कासारातून साखर कारखान्यांवर ऊसतोडीला निघून जातात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि दुकानदार. अप्पांनी जन्मभर कोयते विकले होते, धार कशी ओळखावी हे गिऱ्हाइकांना शिकवलं होतं, पण स्वतःच्या हाताने पुड्याच्या सुतळीपलीकडे काही तोडलं नव्हतं. अशा माणसावर ऐन हंगामात बाभळी तोडायची पाळी आली.

त्याला कारण धर्मापुरीच्या रुद्राणीआत्याचा फोन.

"सोम्या, सोमवारी येते. संगं मठाचे स्वामी बी हायेत. आण्णाच्या समाधीवर पूजा करू म्हणते. जागा निर्मळ ठेवतूस ना?"

"म्हंजे काय आत्या! माझं रोजचं जाणं हाय तिथं."

आण्णांची, म्हणजे वडील मन्मथप्पांची समाधी मळ्यात बुजलेल्या विहिरीजवळ होती, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण तिकडे ते कित्येक वर्षांत फिरकले नव्हते, आणि तेवढ्या काळात वेड्या बाभळीने विहिरीसकट सगळं गिळलं होतं. 'बापाच्या समाधीवर काटे' हे वाक्य आत्याच्या तोंडून एकदा सुटलं, की सगळ्या सोयऱ्यांत फिरून मगच थांबणार होतं. आणि खरं सांगायचं तर अप्पांना स्वतःचीच लाज वाटत होती.

गडी मिळेना. तेव्हा अप्पांनी दुकानातून दोन हत्यारं आणून ओसरीत मांडली. एक कोयता, चुकून खपायचा राहिलेला. दुसरा जाडजूड सुरा, नगरच्या एका विक्रेत्याने नमुना म्हणून दिलेला. त्याला रबराची मूठ होती आणि कमरेला लटकवायचं म्यानही होतं.

"कोयता न्या," त्यांच्या पत्नी गंगासागरबाई म्हणाल्या. "काट्यात हात घालावा लागत न्हाई. लांबून फांदी वढता येती."

"तुला काय कळतंय? कोयता उसाला. बाभळीला वजन लागतंय, वजन! सुऱ्याचं लोखंड बघ."

"लोखंड बघितलं. हात कुठवर जातोय ते बी बघा."

"दुकान कोण चालवतंय, तू का मी?"

"दुकान तुमीच चालवा. सुरा मातर जपून चालवा."

अप्पांनी सुरा कमरेला लटकावला आणि आरशापुढे जरा जास्तच वेळ उभे राहिले.

सुरा वजनाला उत्तमच होता. ज्या खोडाला लागेल ते खोड तुटत होतं. अडचण एवढीच, की सुरा आखूड असल्याने तो खोडाला लावण्यासाठी अप्पांना आधी स्वतः बाभळीत शिरावं लागत होतं. समोरच्या जाळीत शिरताच सदऱ्याची बाही तिथेच राहिली. मग त्यांनी जिथे काटे विरळ तिथे हात घालायला सुरुवात केली. काटे डावीकडे विरळ होते, म्हणून वाट डावीकडे वळली. पुढे उजवीकडे विरळ होते, म्हणून उजवीकडे. वाट समाधीकडे चालली आहे की सुऱ्याच्या सोयीने चालली आहे, हा विचार करायला त्यांना काट्यांनी उसंत दिली नाही.

रविवारी दिवस कलताना सुरा ठण्णकन दगडावर आपटला. आत एक ओटा होता, मातीने माखलेला. अप्पांचे डोळे भरून आले. "आण्णा, चुकलं माझं," असं म्हणून त्यांनी तिथेच डोकं टेकलं आणि रक्ताळलेल्या हातांनी आजूबाजूची जागा झाडून घेतली. ओटा धुवायला पाणी नव्हतं. ते सकाळी आणायचं ठरवून अप्पा घरी गेले.

सकाळी गंगासागरबाई ओट्यावर घागर ओतत होत्या आणि अप्पा खराट्याने घासत होते. माती निघाली तसे चार कोपऱ्यांवर चार गंजके बोल्ट वर आले. मध्ये तेलाचा काळा डाग होता.

"अवं," बाई हळूच म्हणाल्या, "ह्यो तर मामंजीच्या इंजनाचा ओटा हाय."

विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन याच ओट्यावर बसवलेलं होतं. समाधी मग कुठे, हे बघायला अप्पा आजूबाजूला वळले. आजूबाजूला बाभळी होत्या. तेवढ्यात बांधावर जीप थांबली.

"सोम्या!" आत्या काठी टेकत वाटेने आली. "कशी वाकडीतिकडी वाट केलीस रे?"

"आत्या, जरा ऐक…"

"मला नगं सांगू वाट. दर साली येऊन जाते मी हितं. तुला कळू देत न्हाई एवढंच." असं म्हणून ती ओट्यापाशी आली, थबकली, आणि पुढच्याच क्षणी तिने हंबरडा फोडला. "आण्णा रे!"

आता बोलणं शक्य नव्हतं. स्वामींना पुढे आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. त्यांनी आसन टाकलं, मंत्र सुरू केले आणि चारही बोल्टांना विभूती लावून प्रत्येकावर एकेक बेल वाहिला. गंगासागरबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्या रडताहेत असं समजून आत्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

आरती चालू असतानाच शेजारचा म्हातारा शहादेव शेरडं हाकत बांधावर आला. त्याने हार बघितला, उदबत्त्या बघितल्या, बोल्ट बघितले.

"अप्पा," त्याने मोठ्याने विचारलं, "नवं इंजन बसवायलात का?"

अप्पांनी आरतीचा आवाज चढवला. पण आत्याच पुढे झाली. तिने शहादेवाच्या हातावर खोबरं-साखर ठेवली आणि म्हणाली, "परसाद घ्यावा. शेरडं तिकडं चालली बघा तुमची." शहादेव शेरडांमागे गेला.

पूजा उरकली. स्वामी जीपमध्ये बसले. आत्याने अप्पांच्या खांद्याचा आधार घेतला आणि जीपकडे चालता चालता त्यांच्या ओरखडलेल्या हातांकडे बघितलं.

"लई लागलं का रे?"

अप्पांना राहवलं नाही. "आत्या, माझं चुकलं. ती समाधी न्हवती. तो…"

"इंजनाचा ओटा. मला बोल्ट वळखू येत न्हाईत व्हय?"

"मग बोलली कावून न्हाईस?"

आत्याने जीपकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"काय बोलणार? दर साली येतीस तर खरी कुठाय ते दाव, म्हणले असते की मला."