भागीरथेचं नाक

अख्ख्या नागपुरात प्लास्टिकच्या मॉडेल गाड्या माझ्याइतक्या अचूक बनवणारा दुसरा माणूस नाही! हे मी नाही म्हणत. म्हणजे, मीच म्हणतो, पण पूर्ण विचार करून म्हणतो. खोका उघडायचा, सुटे भाग काढायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. लोक याला खेळणं म्हणतात. खेळणं म्हणे! आरशाची दांडी केसभर वाकडी लागली तर मला जेवण जात नाही.

आता माझ्या सासऱ्यांचं ऐका. बापूजींचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे आणि घराच्या अंगणात चौसष्ट सालची गाडी. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. तिला नाव दिलं बापूजींच्या आईचं, भागीरथा! रोज सकाळी बापूजी तिच्या नाकावर, म्हणजे समोरच्या जाळीवर, झेंडूचा हार घालतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, "ओरिजिनल आहे! एक स्क्रू बदलला नाही!"

लग्नात या माणसानं मला अंगठी दिली, सूट दिला, मुलगी दिली. भागीरथेची चावी मात्र आजवर दिली नाही! मला ती एकदा, फक्त एकदा, चालवायची होती हो.

यंदा नशीब उघडलं. एका परदेशी कंपनीनं नेमकं याच गाडीचं जुनं मॉडेल पुन्हा बाजारात आणलं. साचे जुनेच, खोका नवा. मी तडक मागवलं आणि सासरी जाऊन दाखवलं.

"हे आपली भागीरथा होय, जावईबापू?"

"हुबेहूब बनवतो, बापूजी!"

"हुबेहूब म्हणजे हुबेहूब! दसऱ्याच्या पूजेत ठेवू. जमलं तर चावी तुमची. सोनं वाटायले तुम्हीच चालवा गाडी!"

मी कामाला लागलो. दारं झाली, चाकं झाली, आतली सीटसुद्धा त्याच मळकट पिवळ्या रंगात रंगवली. मग आली समोरची जाळी. मॉडेलच्या जाळीच्या पट्ट्या आडव्या. भागीरथेच्या उभ्या!

माझं डोकंच फिरलं. जुने साचे पुन्हा वापरायचे आणि नाक चुकवायचं? मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर मी फोटोसकट आग ओकली. "फसवणूक! हे नाक या गाडीचं नाहीच! कोणी विकत घेऊ नका!"

ग्रुपवर चारुशीलाताई म्हणून एक आहेत. त्या बोलल्या की बाकीचे गप्प होतात. त्यांनी त्या सालचं छापील माहितीपत्रक टाकलं आणि खाली लिहिलं, "चौसष्टला पट्ट्या आडव्याच होत्या. उभ्या नंतर आल्या. मॉडेल बरोबर आहे. तुमच्या सासऱ्यांच्या गाडीचं नाक दुसऱ्या गाडीचं आहे!"

मी हादरलो. सासरी धावलो, दिवाणखान्यातला लग्नाचा फोटो पाहिला. तरुण बापूजी, तरुण सासूबाई, मागे भागीरथा. पट्ट्या आडव्या! रोज याच फोटोखाली बसून बापूजी चहा पितात, पण त्यांनी कधी मान वर केली असेल तर शपथ. बाकी सगळे फोटो दसऱ्याचे, आणि दसऱ्याला नाक हारात बुडालेलं असतं.

बायकोला, दामिनीला, सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"उभ्या पट्ट्या लाव, चावी घे आन मोकळा हो!"

"आणि अचूकता?"

"अचूकता गेली खड्ड्यात! बाबांचं बीपी माहीत आहे ना तुले? आजीच्या नावाची गाडी आहे ते!"

"मी खोटं नाक लावणार नाही!"

आणि नाहीच लावलं. दसरा उजाडला. अंगणात शेजारी जमले, भागीरथेला हार चढला. सासूबाईंनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि चाकापुढेच पाटावर माझं मॉडेल. त्यालाही हळद-कुंकू लागलं. बापूजी चष्मा लावून वाकले. एक दार पाहिलं, दुसरं पाहिलं, खूश झाले. मग हार बाजूला करून दोन्ही नाकं पाहिली.

"नाक चुकलं, जावईबापू!" आणि चावी परत खिशात गेली.

मंडळी, तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण अचूकतेवर घाव बसला की माझा मी राहत नाही!

"नाक मॉडेलचं नाही चुकलं!" मी ओरडलो. "तुमच्या गाडीचं चुकलंय!"

आत जाऊन फोटोच काढून आणला. बापूजींनी फोटो पाहिला, गाडी पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. शेजारचा बंटी त्यांच्या खांद्यावरून डोकावला.

"सही बोलून राहिले ना जावई, बापूजी! नाक तर वेगळंच आहे!"

बापूजी मटकन ओट्यावर बसले. मला स्वतःचा इतका राग आला, की फोटो उलटा धरून मी त्यामागं तोंड लपवलं.

"म्हणजे..." बापूजींनी हाराकडे बोट केलं. "इतके वर्ष मी कोण्या भलत्याच बाईच्या नाकाले हार घालून राहिलो?"

तेवढ्यात ठण्णकन आवाज झाला. सासूबाईंच्या हातून पूजेचं ताट पडलं होतं.

"मी ठोकली होती," त्या म्हणाल्या.

"काय ठोकली?"

"गाडी! तुम्ही माल घ्यायले सुरतले गेले होते. मी कळमेश्वरले माहेरी गेली. नत्थूदादानं शिकवली होती मले चालवायले. वळणावर कडुलिंब आला मधात! मंग दादानं दुसऱ्या गाडीचं नाक आणून बसवलं. तुम्ही घरी आल्यावर म्हणाले, काय चकाकून राहिली भागीरथा!"

"तू गाडी चालवतं?" नाकाचं दुःख बापूजी एका झटक्यात विसरले. "मले तर म्हणत राहिली, स्कूटरच्या मागं बसायचंबी भेव वाटते! काहून लपवलं वं?"

"विचारलं कधी तुम्ही?"

बापूजी उठले, खिशातून चावी काढली. मी हात पुढे केला. चावी माझ्या हातावरून गेली आणि सासूबाईंच्या हातात पडली!

"चालवून दाखव."

सासूबाईंनी पदर खोचला, आत बसल्या, चावी फिरवली. भागीरथा खोकली, गुरगुरली आणि ऐटीत पुढे सरकली. लिंबू फुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्या टाळ्यांत मला ऐकू आलं, कट्ट! कचकच!

"मॉडेल!" मी किंचाळलो. सासूबाईंनी करकचून ब्रेक दाबला.

चाकाखालून ते काढलं तेव्हा दारं धड होती, सीट धड होती. नाक तेवढं पार आत गेलेलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मॉडेल निरखून पाहिलं आणि गालावर हात ठेवला.

"अगं बाई! हुबेहूब! त्या दिवशी कळमेश्वरले अस्सीच दिसत होती!"

आता हुबेहूब जमलं म्हटल्यावर ठरल्याप्रमाणे चावी माझीच व्हायला हवी होती. मागच्या सीटवर, मांडीवर आपट्याची पानं आणि चेपलेलं नाक घेऊन, मी तसं म्हणूनही पाहिलं. पण पुढे सासूबाई हॉर्न वाजवून राहिल्या होत्या आणि बापूजी शेजारी बसून टाळ्या!