इल्मारीचा राखून ठेवलेला पत्ता

बाळाच्या बारशाच्या दिवशी इल्मारी कुओस्मानेन सकाळीच जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला, तेव्हा तूलियाने बाळाला खांद्यावर थोपटत त्याच्याकडे नुसतं पाहिलं. लग्न झालेल्या माणसाला त्या बघण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

"दुपारी पाद्रीबाई यायच्यात," ती म्हणाली.

"त्याच्या कितीतरी आधी उरकेल. शेवटचा एकच सामना राहिलाय, तूलिया. हा जिंकला की थेट हेलसिंकी. आंतरराष्ट्रीय स्पर्धा!"

"आणि हरलास तर?"

"तर आणखी लवकर उरकेल."

सामना 'हिमदुर्ग' नावाच्या पत्त्यांच्या ऑनलाइन खेळाचा होता. दोघांचे दोन गड. आळीपाळीने पत्ते टाकायचे आणि त्या पत्त्यांतून निघालेल्या लांडग्या-अस्वलांकरवी समोरच्याचा गड पाडायचा. बहुतेक लोक पहिल्या पत्त्यापासूनच अंगावर धावून जातात. इल्मारीचा संच मात्र 'कंट्रोल' जातीचा होता. म्हणजे आपण हल्ला करायचाच नाही. समोरच्याने जे टाकलं ते निमूटपणे निकालात काढायचं, आपले चांगले पत्ते हातात दाबून ठेवायचे आणि त्याची सगळी हौस फिटून हात रिकामा झाला, की सावकाश एक राक्षस काढून त्याचा गड जमीनदोस्त करायचा. कुओपियो शहरातले त्याचे खेळगडी म्हणायचे, "इल्मारी कुणाला मारत नाही. समोरचाच कंटाळून मरतो." इल्मारीला ही स्तुती वाटायची.

वाईट एवढंच, की तो घरातही कंट्रोलच खेळायचा.

मुलीच्या नावाचंच बघा. सासूबाईंना, म्हणजे राकेल यांना, आपल्या आईचं 'हिल्पा' हे नाव ठेवायचं होतं. तूलियाला 'सेला' आवडलं होतं. इल्मारीला हवं होतं 'आमू', म्हणजे पहाट, कारण पोरगी पहाटे झाली होती. शेवटी तूलियाने माघार घेतली, पण अट घालून. "आमू तर आमू. पण आईला तू सांगायचंस. मी त्या भानगडीत पडणार नाही."

"सांगतो की."

"कधी?"

"योग्य वेळी. आधी त्यांना त्यांचे सगळे पत्ते टाकू दे."

सासूबाईंनी टाकायला सुरुवात केली. आधी हिल्पा पणजीचा मोठा फोटो चौकटीत घालून आणला आणि पाळण्यावर टांगला. मग 'हिल्पा' विणलेलं दुपटं आलं. मग टोपडं. मग सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले. दर वेळी तूलिया नवऱ्याला कोपराने ढोसायची आणि इल्मारी डोळ्यांनी खुणावायचा, अजून नाही. त्याचा बेत पक्का होता. नाव बारशापर्यंत गुलदस्त्यात ठेवायची रीतच आहे. तेव्हा पाद्रीबाईंनी विचारलं की सगळ्यांच्या देखत ठणकावून 'आमू' म्हणायचं. पाद्रीबाईंसमोर सासूबाई आरडाओरडा करणार नाहीत. पत्ता बिनतोड होता, फक्त अजून हातातच होता.

सामना सुरू झाला. समोरचा गडी नॉर्वेचा होता, टोपणनाव 'टोर्स्क', म्हणजे कॉड मासा. टोर्स्कने पहिल्या चालीत काहीच टाकलं नाही. इल्मारीनेही टाकलं नाही. टोर्स्क गप्प, इल्मारी गप्प. पाच-सहा चाली अशाच गेल्यावर इल्मारीला उमगलं, की तोही कंट्रोलच घेऊन बसलाय. दोन अतिसभ्य माणसं दाराशी "आधी तुम्ही" करत ताटकळावीत आणि दोघांच्याही आत काही केल्या जायचं नाही, तसं ते चाललं. दर चालीला पडद्यावर वेळेची वात जळायची आणि टोर्स्क ती पार बुडापर्यंत जळू द्यायचा.

दुपार कलली. दार उघडलं, बर्फाने माखलेले बूट आपटल्याचे आवाज आले आणि मागोमाग सासूबाईंचा आवाज.

"कुठंय माझी हिल्पा?"

घर पाहुण्यांनी भरल्यावर तूलिया सँडविचचा भलामोठा केक दोन्ही हातांवर तोलत टेबलाशी आली. "ऊठ. हा इथे ठेवायचाय."

"अगं, मी ऐन मोक्यावर—"

"इल्मारी, माझे हात गळून पडतायत."

लॅपटॉप उचलून तो झोपायच्या खोलीत गेला. तिथे पलंगावर पाहुण्यांच्या ओव्हरकोटांचा ढीग होता आणि सासूबाई बाळाच्या पांढऱ्या झग्याला इस्त्री करत होत्या. "कोटांवर बसू नकोस," त्या म्हणाल्या. "आणि हिल्पाच्या बापाने आज तरी टाय लावायला हवा." इल्मारीने तोंड उघडलं. आत्ता सांगून टाकावं का? पण योग्य वेळ पाद्रीबाईंसमोरची. त्याने तोंड मिटलं आणि तो घरातल्या एकमेव रिकाम्या जागेकडे, सौनाकडे, म्हणजे वाफेच्या स्नानाच्या लाकडी खोलीकडे निघाला.

सौना रिकामा नव्हता. थंडगार फळीवर, कोट-टाय घालून, सासरे तैस्तो कॉफीचा कप घेऊन बसले होते. घरात राकेल असल्या की ते कुठल्यातरी दाराआड सापडायचे.

"ये, जावईबुवा," ते सरकत म्हणाले. "इथे कुणी हाका मारत नाही."

इल्मारीने मांडीवर लॅपटॉप ठेवला. तैस्तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"तू काही करत का नाहीस?"

"हाच डाव आहे, बाबा. समोरच्याचं सगळं संपेपर्यंत गप्प बसायचं."

"हं." तैस्तोंनी घोट घेतला. "लग्न झाल्यापासून मी हाच खेळतोय."

"मग? जिंकलात?"

"तिचं अजून संपायचंय."

इतक्यात टोर्स्कने एक लांडगा टाकला. पुढच्या चालीला दुसरा. इल्मारीचे डोळे चमकले. त्याच्या हातात 'महापूर' होता, टेबलावर असेल नसेल ते सगळं वाहून नेणारा पत्ता. सामन्याच्या सुरुवातीपासून त्याने तो जिवापाड जपला होता.

"मग बुडव की," तैस्तो म्हणाले.

"दोनच लांडगे आहेत. आणखी एक येऊ द्या. एका पुरात जितके जास्त जातील तितका फायदा."

दारावर तूलियाची थाप पडली. "इल्मारी! पाद्रीबाई आल्यात. त्यांना पुढे आणखी एका घरी जायचंय."

"एकच चाल!"

"तुझी एक चाल म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे."

टोर्स्कने तिसरा लांडगा टाकला. आता टाकायलाच हवा होता. इल्मारीचं बोट महापुरावर गेलंसुद्धा. पण तीन टाकलेत म्हणजे चौथाही टाकेल, असा विचार त्याच्या मनात आला, आणि हा विचार कंट्रोल खेळणाऱ्यांची राखरांगोळी करतो. तो थांबला. चाल सोडून दिली.

टोर्स्कने चौथा लांडगा टाकला नाही. त्याने 'विस्मृती' टाकली. पडद्यावर धुरळा उठला आणि इल्मारीच्या हातातले सगळे पत्ते एकेक करून विरून गेले. महापूर सगळ्यांत शेवटी गेला.

तैस्तो पुढे वाकले. "कुठे गेले सगळे?"

"गेले."

"न टाकताच?"

"न टाकताच."

बाहेर भजन सुरू झालं होतं. त्यात सासूबाईंचा आवाज सगळ्यांत वरचा. इल्मारी दचकून उठला. खेळ गेलाच होता, पण नाव अजून हातात होतं. आणि खेळही, म्हणायला, पुरता गेला नव्हता. संचात आणखी एक महापूर होता. पुढच्याच चालीला तो वर आला तर? लॅपटॉप उघडा तसाच छातीशी धरून तो दिवाणखान्यात धावला.

सगळे उभे होते. तूलियाच्या हातात बाळ, इल्मारीच्या हातात लॅपटॉप, दोन्ही सारख्याच काळजीने धरलेली. भजन संपलं. पाद्रीबाई प्रसन्न हसल्या.

"या, बाळाचे बाबा, तुमचीच वाट बघत होतो. तर मग, काय नाव ठेवायचं?"

तूलियाने इल्मारीकडे बघितलं. सासूबाईंनी बघितलं. चौकटीतल्या हिल्पा पणजीनेही बघितलं. योग्य वेळ म्हणतात ती हीच, नवीकोरी, समोर येऊन उभी. त्याने श्वास घेतला. आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर त्याची चाल आली, नवा पत्ता वर सरकला, आणि इल्मारीने फक्त एक क्षण, अगदी एकच क्षण, खाली बघितलं.

महापूर नव्हता. राक्षस होता. तीन लांडग्यांपुढे एकटा निरुपयोगी.

"हि—" सासूबाईंनी सुरुवात केली.

"सेला!" तूलिया म्हणाली. इतक्या खणखणीत आवाजात, की बाळसुद्धा दचकलं.

पाद्रीबाईंनी ओंजळीत पाणी घेतलं. "सेला, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते." लॅपटॉपमधून गड कोसळल्याचा गडगडाट झाला. कुणीतरी घाईघाईने "आमेन" म्हणालं.

पाद्रीबाई गेल्या. कॉफी ओतली गेली. इल्मारी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होता. हेलसिंकी गेलं होतं, आमू गेली होती, आणि दोन्ही त्याच्या हातात होती तेव्हाच गेली होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एका मावशीने त्याचा खांदा थोपटला. "पहिलं मूल असलं की बापाला भरून येतंच."

मग समोर सासूबाई येऊन उभ्या राहिल्या.

"तू," त्या म्हणाल्या. "मी तुला भोळा समजत होते."

"आई, अहो मी तर—"

"इतके महिने मी बोलतेय, विणतेय, फोन करतेय. आणि हा हूं नाही की चूं नाही! गप्प बसून सगळं बघत राहिला. आणि ऐन वेळी, पाद्रीबाईंसमोर, माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत! नावही बायकोच्या तोंडून वदवलं. स्वतः ते खोकं घेऊन असा उभा, जसं काही याला ठाऊकच नाही."

"नाही हो, खरंच मला ठाऊक—"

"पुरे." सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. त्यांच्या नजरेत त्याने आजवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. तो आदर होता. "असा डाव माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता."

इल्मारीने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. तूलिया कपाच्या कडेवरून शांतपणे त्याच्याकडे बघत होती. "योग्य वेळीच सांगायचं ठरलं होतं आमचं," ती आईला म्हणाली.

तैस्तोंनी जावयाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास," ते कानाशी पुटपुटले. "मला जन्मात जमलं नाही हे."

आता सासूबाई कडाडतील, म्हणून इल्मारीने मान खाली घातली. पण काहीच झालं नाही. त्यांनी केकचा सगळ्यांत मोठा तुकडा कापला, त्याच्या बशीत ठेवला, त्याच्यासमोर खुर्ची ओढून घेतली आणि मांडीवर हात ठेवून बसल्या. बराच वेळ त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग हसल्या.

"खा, बाळा. सावकाश खा. मला काही घाई नाही."

तैस्तोंनी कप खाली ठेवला. "ही असं कधी बोललेली नाही," ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी आपली खुर्ची जावयापासून थोडी लांब सरकवली.