टाळीवर चालणारं घर

माणूस काम करतो तो कौतुकासाठी, हे मी कुणालाही पटवून देऊ शकते. बी.ए.ला माझं मानसशास्त्र होतं आणि घरात तीन वर्षांची मुलगी आहे. म्हणजे पुस्तक आणि प्रयोगशाळा, दोन्हींची सोय.

प्रयोगाला कारण घडलं ते नोकरीचं. मुलीसाठी सोडलेली नोकरी मला परत मिळत होती, पण चाचणीवर. जमलं तर कायम, नाहीतर नमस्कार. मुलीला पाळणाघरात ठेवायचं ठरलं आणि पाळणाघराच्या मावशींची अट एकच: मूल स्वतःहून शूला गेलं पाहिजे. आमची बटण (गोल आहे आणि क्षणात दिसेनाशी होते, म्हणून बटण) या बाबतीत कुणाचं ऐकायची नाही. भांड्यावर बसवलं की उपोषणाला बसल्यासारखा चेहरा करायची आणि उठल्यावर सतरंजीवर कार्यभाग उरकायची. मी रडकुंडीला आले होते. काळजी करणं हा तसाही माझा जोडधंदा आहे.

मग मला पुस्तक आठवलं. एकदा चुकून काम फत्ते झालं तेव्हा मी जोरात टाळ्या वाजवल्या. बटण थक्क झाली. पुढच्या वेळी ती आपणहून गेली, पण बाबांना बोलावून. त्याच्या पुढच्या वेळी आजीलाही. आठवडाभरात आमची सकाळ अशी झाली: बटण आत आणि आम्ही तिघं मोरीच्या दाराशी, पाहुण्यांच्या स्वागताला उभे असल्यासारखे, हात तयार ठेवून.

एके दिवशी नवरा कचऱ्याचा डबा रिकामा करून आला आणि माझ्यासमोर उभाच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. कचरा टाकून आलो."

"बरं."

"बरं काय? तिला एवढ्याशासाठी टाळ्या मिळतात."

मी वाजवल्या. न वाजवून चालणार नव्हतं, डबा रोजचा आहे. सासूबाई भाजी चिरता चिरता थांबल्या.

"लग्न होऊन आल्यापासून या घराला रांधून घालतेय मी. साधं 'बरं झालंय' कुणी म्हणालं नाही. आणि कचऱ्याला टाळ्या."

मी घाईने त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

"राहू दे. मागून घेतलेलं मला पचत नाही."

त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, घालायचा उत्साह वाटला नाही.

तरी मी खूश होते, कारण सतरंजी कोरडी होती. बटणला पाळणाघरात सोडलं आणि टाळ्यांचं गुपित मावशींच्या कानात सांगितलं. मावशींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बाई, माझ्याकडे खोलीभर पोरं आहेत. प्रत्येकाच्या शूला टाळ्या वाजवत बसले तर तोंडं कोण पुसणार? अडलंच तर फोन लावीन. तुमच्या टाळ्या तुम्हीच वाजवा."

आमचं ऑफिस पंखे बनवणाऱ्या कंपनीचं. बंद पडलेल्या पंख्यांच्या तक्रारी आम्ही फोनवर ऐकतो. मला शिकवायला शेजारच्या टेबलावरची ताई होती. ऑफिसमध्ये सगळ्यांत जुनी. म्हैस पावसात उभी राहते तशी ती शिव्यांत बसायची. शिव्या संपल्या की विचारायची, "पंखा कुठल्या खोलीत आहे, दादा?" आणि पलीकडचा माणूस गप्प व्हायचा. मला हे काही केल्या जमत नव्हतं. मी लोकांनी तोंड उघडायच्या आधीच माफी मागायचे.

चाचणी संपत आली होती तेव्हा एका दुपारी साहेबांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. साहेब घामाघूम होते. मी हे नेहमी आधी बघते, कुणाला किती घाम आलाय ते. तेवढ्यात हातातला फोन थरथरला. मावशी.

मी कपाटाच्या आडोशाला सरकले.

"तुमची पोरगी केव्हाची बसून आहे," मावशी म्हणाल्या, "टाळ्यांशिवाय करायची नाही म्हणते. आता एक तर वाजवा, नाहीतर येऊन घेऊन जा. आणि उद्यापासून आणू नका."

पाळणाघर गेलं की नोकरी गेली. मी फोन कानाशी खांद्याने दाबून धरला. साहेब समोर काहीतरी बोलत होते, माझ्या कानात मात्र बटणचे हुंदके होते. मग हुंदके थांबले आणि बारीक आवाज आला, "आई, झाली."

मी जीव तोडून टाळ्या वाजवल्या. वर म्हणाले, "शाब्बास! किती छान केलंस!"

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. माझ्या लक्षात आलं तेव्हा मागच्या रांगेनेही टाळ्या सुरू केल्या होत्या. टाळी जांभईसारखी असते, लागण होते. त्यांना वाटलं कुणाचा तरी सत्कार आहे. पाठोपाठ पुढची रांग. ताई गोंधळून उभी राहिली.

साहेब नुकतंच म्हणाले होते, की तक्रारी आता यंत्र ऐकणार, त्यामुळे काही जणांना निरोप द्यावा लागेल, आणि सुरुवात दुर्दैवाने ताईंपासून.

साहेबांचे डोळे भरून आले. "मला वाटलं होतं तुम्ही गोंधळ घालाल," ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "ही नवीन मुलगी बघा. याला म्हणतात वृत्ती."

संध्याकाळपर्यंत मी कायम झाले होते. शिवाय एक नवी जबाबदारी: उरलेल्या माणसांचा उत्साह टिकवणं. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. पाण्याच्या यंत्राजवळ गेले की तिथली गर्दी आपोआप विरायची.

ताई खण रिकामा करत होती. मी जवळ जाऊन म्हणाले, "ताई, ती टाळी तुमच्यासाठी नव्हती. मुलीची शू..."

"कळलं गं. झाली का तिला?"

"हो."

"मग झालं तर." तिने कपाला कागद गुंडाळला. "मला क्षणभर बरं वाटलं होतं बघ. म्हटलं, एवढी वर्षं बसले इथे, कुणी वाजवली नव्हती."

पिशवी उचलायला मी हात पुढे केला, तर म्हणाली, "असू दे, हलकीच आहे."

सोमवारी माझं पहिलं भाषण झालं. विषय साहेबांनीच दिला होता: माणूस काम कशामुळे करतो. सगळे ताठ बसून ऐकत होते. एकही जण घड्याळाकडे बघत नव्हता की खोकत नव्हता. मी कौतुकावर बोलले, आवडीवर बोलले, सोबतीवरही बोलले.

भीतीवर काहीच बोलले नाही. तो धडा आम्हा सगळ्यांना पाठ होता.