हिराजीदादा पंच घेऊन जातात

हिराजीदादा लिफ्टमध्ये एकटे चढत नाहीत.

भीतीबिती काही नाही. लिफ्ट येते, दार उघडतं, तरी दादा बाहेर उभे. "येव दे कोन तरी," म्हणतात आणि पाय रोवून थांबतात. कोणी सापडला की त्याच्यासोबत आत शिरतात आणि चौदाव्या मजल्यापर्यंत चौकशी चालते. गाव कुठलं, आई कुठली, आज कालवण कसलं. माणूस नवव्या मजल्यावर उतरायला लागला तर दारात पाय घालून उत्तर पुरं करून घेतात.

आमचा टॉवर बाळकुमला ज्या जमिनीवर उभा आहे ती दादांच्या भावकीची. बिल्डरने जमीन घेतली आणि बदल्यात फ्लॅट दिले. कोणाला कुठल्या टॉवरमध्ये, कोणाला कुठल्या. पूर्वी ज्यांच्या ओट्या एकमेकांना चिकटलेल्या होत्या ते आता एकमेकांच्या गेटवर वॉचमनला नाव सांगतात. दादा सांगत नाहीत. "माज्या भातान जातंय," म्हणजे माझ्या भातशेतात, असं म्हणून सरळ आत घुसतात. बिहारहून आलेल्या वॉचमनला वाटतं, म्हातारा जेवायला चाललाय.

मी मूळचा कल्याणचा. वडील मार्केटात हमाली करायचे. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि दारावरच्या पाटीत नावापुढे बी.कॉम. लिहिलंय. बायको म्हणते, आता शिपाईसुद्धा बी.कॉम. असतात. असू देत, आमच्याकडे मीच पहिला. दादा मला त्याच नावाने हाक मारतात. "ए बीकॉम, इकरं ये." शिवाय मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे दादांबद्दलच्या सगळ्या तक्रारी माझ्याकडे.

तक्रारी लिफ्टच्याच. आमच्या सोसायटीत मानसिक आरोग्याची जाणीव भलती आहे. ग्रुपवर रोज सकाळी मेसेज पडतो: 'मन मोकळं करा, कोणाशी तरी बोला.' तो मेसेज पुढे पाठवणारी माणसं लिफ्टमध्ये दादा दिसले की कानात इअरफोनची बोंडं घालतात. योगा आहे, ध्यान आहे, क्लब हाउसमध्ये उशीला मिठी मारून रडायचं एक शिबिरही झालेलं. शेजाऱ्याचं आडनाव विचारायचं शिबिर अजून कोणी घेतलेलं नाही.

तर अशात दादांना धाप लागायला लागली. घरात बसले की छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखं वाटायचं, हातांना घाम फुटायचा. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय पंचविशीतलं निघालं. डॉक्टर म्हणाले, हे मनाचं आहे, आणि नौपाड्यातल्या एका मॅडमकडे जायला सांगितलं. त्या औषध देत नाहीत, बोलून बरं करतात. मुलगा निलेश चिडला, बाप वेडा झालाय असं लोक म्हणतील म्हणून. दादा मात्र थेट माझ्याकडे आले.

"कय करतात तिथं?"

मी शिकलेला माणूस, समजावून सांगितलं. मनात असेल ते सगळं खरं बोलायचं. लाजायचं नाही, लपवायचं नाही. तुमच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

दादा गंभीर झाले. एवढंच म्हणाले, "मंग तयारीनी जावा लागल."

तयारी मला बुधवारी कळली. खाली जीप उभी होती आणि तिच्यात गावकीचे पाच जण पांढऱ्या कपड्यांत बसलेले. या लोकांची रीतच तशी आहे. लग्न ठरवायचं असो, बांधाचं भांडण असो, बिल्डरशी बसायचं असो, महत्त्वाच्या बोलण्याला एकटा माणूस जात नाही, पाच जण सोबत लागतात. "एकल्यानी बोललेला कोन धरतंय?" दादांनी मला विचारलं. पुढची सीट पेशंटची. मला मागे, नारळाच्या पिशवीशेजारी जागा मिळाली.

मॅडमची खोली एवढीशी. दोन खुर्च्या, एक झाड, टिश्यूचा डबा. त्यात आम्ही सात. मॅडम वयाने निलेशपेक्षा लहान, पण घाबरल्या नाहीत. त्यांच्यापुढे नारळ ठेवला गेला. पाचांतले वडीलधारे पांडूशेठ म्हणाले, "बोला मॅडम, तुमचा कय म्हनना हाय?"

मॅडमनी शांतपणे सांगितलं की इथे बोललेलं या खोलीबाहेर जात नाही.

"मंग त्याचा उपेग कय?" पांडूशेठना खरंच कळेना. "चार लोकांत गेला नाय तं त्याला बोलना कसा म्हनाचा?"

त्या दिवशी उपचार झाला नाही. गावदेवीच्या जत्रेत या वर्षी पालखी कुठून न्यायची यावर पंचांत वाद झाला आणि वेळ संपली. दादा नुसते एकेकाच्या तोंडाकडे बघत हसत होते. मॅडम पंचांकडे नाही, त्यांच्याकडे बघत होत्या. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं, पण बी.कॉम.ला हा विषय नसतो.

पुढच्या वेळेपासून पंच बाहेर, दादा आत. बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसलेली पोरं-पोरी असायची, एकमेकांना ओळख न दाखवणारी. पंच एकेकाला विचारायचे, "तुना कय झालाय, बाला?" पहिल्यांदा ती पोरं दचकायची. मग सांगायला लागली. पांडूशेठनी एका मुलीची नोकरीतली सगळी कटकट ऐकून घेतली आणि तिच्या बॉसला आगरी भाषेत एक शिवी दिली. ती इतकी हसली की मॅडम दार उघडून बाहेर आल्या.

आत काय व्हायचं ते दादा परतीच्या जीपमध्ये सगळ्यांना सांगायचे. गुप्तता वगैरे त्यांना मान्यच नव्हती. एकदा मॅडमनी विचारलेलं, तुम्ही स्वतःबद्दल सांगा, तुम्ही कोण आहात?

"मी बोललो, त्या बाहेरच्यांना इचारा. त्यांना म्हाईत हाय मी कोन. टावरमदी तं मी चौदाशे तीन हाय."

जीपमध्ये कोणी हसलं नाही. पांडूशेठ म्हणाले, "मी बाराशे एक."

असे कित्येक बुधवार गेले. पाचही जण धंदापाणी सोडून यायचे, कारण हिराजी आजारी. येताना उसाचा रस, जाताना भांडणं. दादांची धाप कमी झाली, मग गेलीच. खोटं कशाला बोलू, मॅडमना काहीतरी येत होतं. पहिल्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात हसलेलो, ते मागे घेतो.

गेल्या बुधवारी दादा लवकर बाहेर आले. पंच खाली रसवंतीवर होते, जिन्यात मी एकटाच. दादांचा चेहरा असा पडलेला की मला वाटलं, काही वाईट निघालं.

"मॅडम बोलली, तुमी बरं झालं. आता यायाची गरज नाय."

मी अभिनंदन करायला हात पुढे केला. दादांनी तो धरला आणि सोडलाच नाही.

"बीकॉम, त्यांना सांगू नको."

"अहो दादा, चांगली बातमी आहे."

"मी बरा झायलो तं कोन येल?" ते खाली रसवंतीकडे बघत होते. "यांना मी जत्रेला बोलावला, जेवाला बोलावला. कोनाला टाईम नाय. मना बरा नाय बोललो, तवा आली सगली."

मी एक सांगतो, मी तोंडावर बोलणारा माणूस आहे. सोसायटीत माझे निम्मे शत्रू त्यामुळेच आहेत. आम्ही खाली उतरलो तर पांडूशेठ रसाचा ग्लास ठेवून पुढे आले. बाकीचे चौघेही उठून आले.

"कय बोलली मॅडम?"

दादा चपलेच्या पट्ट्यात काहीतरी शोधायला वाकले.

"अजून वेळ लागेल म्हणाल्या," मी म्हटलं. "पुढच्या बुधवारी बोलावलंय."

"मंग गारी माजी," पांडूशेठ लगेच म्हणाले. बाकीच्यांत गाडी कोणाची यावरून जुंपली.

जीपचं पुढचं दार उघडून मी दादांसाठी उभा होतो. त्यांनी मलाच तिथे ढकललं. "तू बस पुरं, शिकलेला मानूस." आणि मागे जागा नसताना, पांडूशेठ आणि आणखी एकाच्या मधल्या चिमटीत शिरून, दोघांच्या गुडघ्यांवर एकेक हात ठेवून बसले.